झाडांचा फिशटँक: माती, खत, उजेड आणि शेवाळ

पाणकणीस

नमस्कार. पुण्यात आमच्या हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून २४ × १२ × १५ इंचांचा फिशटँक आहे. तो मी झाडांसाठीच घेतला होता. पहिले आठ महिने एकेक गोष्ट चुकत गेली, मग हळूहळू बस्तान बसलं, आणि आता दर पंधरा दिवसांनी मूठभर कटिंग निघतं. झाडं का कुजतात, शेवाळ कसं घालवायचं असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारत असतं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिला टँक बिघडला तेव्हा मी दुकानातून बाटल्या आणत सुटले होते. एक शेवाळ मारायची, एक पाणी नितळ करायची, एक झाडं वाढवायची. माझे वडील जन्मभर शेती करत आले. ते आमच्याकडे राहायला आले असताना टँकसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, "जमीन कसली आहे? खत काय घालतेस? ऊन किती तास?" मला एकाचंही उत्तर देता येईना. त्या दिवसापासून मी टँककडे वाफा म्हणून बघायला लागले आणि सगळं बदललं. झाडांचं पोट भरलं की ती जोमानं वाढतात आणि शेवाळाला जागा उरत नाही. मासे त्यानंतर.

जमिनीपासून सुरुवात करते. पहिल्या टँकमध्ये नुसती रंगीत खडी होती. तिच्यात मुळांना आधार मिळतो, खायला काही मिळत नाही. दुसऱ्या वेळी मातीवर टँक केला. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रूढ केली: तळाला इंचभर माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी. माती कुठली घ्यायची हा मात्र आपला आपण सोडवायचा प्रश्न. देशावरची काळी माती मी वापरून पाहिली. ती अन्नद्रव्यं चांगली धरून ठेवते, पण फुगते, एखादं रोप उपटलं की दोन दिवस पाणी गढूळ राहतं, आणि तिच्यातल्या चुनखडीमुळे पाणी जड होत जातं. कोकणातली जांभ्याची लाल माती मला कितीतरी बरी वाटली. लोह भरपूर आणि धर्म आम्ल. युरोपातही १९८० च्या दशकात टँकच्या तळाला लोहासाठी जांभ्याची माती घालायची पद्धत पसरली होती. मी तीन भाग लाल माती आणि एक भाग पूर्ण मुरलेलं गांडूळखत घेतलं. बादलीत भिजवून वर तरंगणारा काडीकचरा चार-पाच वेळा ओतून दिला. शेणखत कितीही जुनं असलं तरी घालू नका. पाण्याखाली त्याचा अमोनिया होतो.

वर घालायला काळ्या दगडाची कच आणली, दाणा दोन ते तीन मिलिमीटरचा. मोठ्या भोकांच्या चाळणीनं खडे काढले, बारीक चाळणीनं भुकटी काढली आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात, त्यांच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो खडा बाहेर. मोठ्या दगडांचीही हीच परीक्षा.

आता पाणी. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन बादली २४ तास उघडी ठेवली की बऱ्यापैकी उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब. माती पाण्याखाली गेली की पहिले काही आठवडे ती अमोनिया सोडते. जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं झाडांचं अन्न. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टँकमध्ये मासा सोडायचा नाही. मी तिसऱ्याच आठवड्यात गप्पी सोडले होते. सकाळी उठले तर सगळे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. निम्मं पाणी बदलून पाच वाचवले, तीन गेले. कृपया टेस्ट किट घ्या.

उजेडात मी सगळ्यात जास्त चुकले. २० वॉटचा, ६५०० केल्विनचा एलईडी मी सकाळी सातला लावायचे आणि संध्याकाळी सहाला बंद करायचे. अकरा तास! झाडांना तेवढा उजेड वापरायला कार्बन डायऑक्साइड आणि खत पुरत नव्हतं, राहिलेला उजेड शेवाळानं खाल्ला. आता टायमर लावून सहाच तास देते, दुपारी चार ते रात्री दहा. खिडकीचं थेट ऊन अजिबात नाही.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावा. दोन रोपं लावून ती पसरायची वाट बघत बसलात तर मधली जागा शेवाळ घेणार. माझ्याकडे मागच्या रांगेत व्हॅलिस्नेरिया, वॉटर स्प्राइट आणि रोटाला रोटुंडिफोलिया आहे, मध्ये क्रिप्टोकोरीन वेंडटी, एका कोपऱ्यात नीरब्राह्मी. ही नीरब्राह्मी आपल्याकडे ओढ्याकाठी उगवते तीच, पाण्याखालीही सरळ वर वाढते. लाकडाला दोऱ्यानं जावा फर्न आणि अनुबियस बांधलंय. या दोघांचा आडवा कंद कधीही खडीत पुरू नका, कुजतो.

क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्याभरात त्याची पानं काचेसारखी होऊन विरघळली, तर घाबरून उपटू नका. नर्सरीत ते पाण्याबाहेर वाढवलेलं असतं. पाण्याखालची पानं त्याला नव्यानं काढावी लागतात. माझं एक रोप पार बुंध्यापर्यंत गेलं होतं. विसाव्या दिवशी मधून तपकिरी सुरळी वर आली, शिरेला तांबूस झाक. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली.

रविवारी दोन बादल्या पाणी बदलते, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. काढलेल्या पाण्यातच फिल्टरचा स्पंज पिळते, नळाखाली नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. उरलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना. तळाची खडी उकरून साफ करत नाही. वाळकी पानं काढते, उंच झालेला रोटाला कापून शेंडे परत खोचते.

प्रश्न विचारा, माहीत आहे ते सांगेन.

रानवाट

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. ताई, माझा टँक दीड वर्षाचा आहे, मातीचाच. अनुबियसच्या पानांच्या कडेला शेवाळाची काळी दाढी आली आहे, घासून निघत नाही. साखर आणि यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड देतोय. दुकानदारानं सकर मासा सोडायला सांगितलाय. सोडू का?

पाणकणीस

रानवाट, सकर नको. तो ही दाढी खात नाही, वाढून फूटभराच्या वर जातो आणि झाडं उपटतो. मग लोक कंटाळून नदीत सोडतात, तिथे तो आपल्या माशांच्या जागा बळकावतो.

तुझं दुखणं त्या बाटलीत असावं. साखर-यीस्टचा वायू पहिले चार दिवस भराभरा येतो, दुसऱ्या आठवड्यात मंदावतो, थंडीत तर जवळपास थांबतोच. कार्बन डायऑक्साइड असा वरखाली झाला की ही दाढी हमखास येते. एक तर बाटली बंद करून उजेड सहा तासांवर आण, नाही तर स्थिर येईल अशी सोय कर. आधीच धरलेली दाढी अशी काढ: मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक वेळा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर वाचून घे आणि तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं कर. फिल्टर दहा मिनिटं बंद. सिरिंजनं पाण्याखालीच त्या दाढीवर हळूहळू सोड. दोन फुटी टँकला एका वेळी १५ मिलीच्या वर जाऊ नकोस. मग फिल्टर चालू. हे शेवाळ लाल शैवालांच्या कुळातलं आहे, म्हणून मेल्यावर दोन-तीन दिवसांत गुलाबी पडतं. मॉस आणि व्हॅलिस्नेरिया यांच्यावर मात्र हे टाकू नकोस, जळतात.

द्राक्षबाग

ताई, तुमच्या वडिलांनी विचारलेले प्रश्न वाचून बरं वाटलं. मी तासगावचा, द्राक्ष करतो, आणि पोरीच्या हट्टापायी घरात तीन फुटी टँक आहे.

खताबद्दल लिहितो, कारण दुकानात झाडांच्या खताच्या छोट्या बाटलीला जी किंमत सांगतात ती ऐकून मी थक्क झालो. ड्रिपमधून सोडायची विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. त्यातलं १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. टँकच्या महागड्या खतांत मुख्य माल हाच. एक किलोची पिशवी घेतली तर टँकला वर्षानुवर्षं पुरते.

माप असं ठेवा. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम १३:०:४५ विरघळवा. दुसऱ्या बाटलीत अर्ध्या लिटरला ५ ग्रॅम ०:५२:३४. टँकमध्ये खरं पाणी ५५ लिटर असेल तर पहिल्या बाटलीतल्या १० मिलीनं नायट्रेट सुमारे १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतं, दुसऱ्या बाटलीतल्या १० मिलीनं फॉस्फेट सुमारे सव्वा पीपीएम. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यानंतर. मासे जास्त असतील तर त्यांच्या विष्ठेतूनच पुष्कळ मिळतं, तेव्हा निम्मं घाला.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. १९:१९:१९ घालू नका, त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं, मासे मरतील. डीएपी आणि नुसता युरियाही नाही. दुसरं, बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचूद (तांब्याचं क्षार) कालवलेली बादली किंवा पाण्याचा मग टँकजवळ फिरकूही देऊ नका. तांबं कोळंबीला लगेच मारतं. माझ्याकडे एका दुपारीत चौदा कोळंब्या आडव्या झाल्या. नंतर मला आठवलं, पाण्याचा मग धुतलेला होता, पण तोच होता. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता टँकचा मग वेगळा, त्याला लाल दोरा बांधलाय.

पोटॅशियम नायट्रेट आग भडकवतं, पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नये.

पाणकणीस

द्राक्षबागदादा, ही माहिती कुठेच एकत्र मिळत नाही. मनापासून आभार. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं काय करता?

द्राक्षबाग

चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहतं ते), वेगळं. मिश्रणाच्या पाकिटात तांबं असतं म्हणून कोळंबी असेल तिथे मी मिश्रण घालत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. जुन्या पानांना बारीक भोकं पडायला लागली तर पालाश कमी. द्राक्षाची पानं वाचता येत असतील तर टँकची पानंही वाचता येतात.

संत्रानगरी

नागपूरहून लिहितेय. तुम्हा पुणेकरांना एक दुखणं कळणार नाही, ते म्हणजे मे महिना. आमच्या टँकचं पाणी दुपारी ३४ अंशांवर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो, ३४ ला सातच्या आसपास. आणि त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. पहिल्या उन्हाळ्यात माझं कॅबोम्बाचं झाड आठ दिवसांत चिखल झालं.

मी झाकण काढून जाळी लावली आणि पाण्यावर वारा येईल असे कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे बसवले. बाष्पीभवनानं पाणी तीन अंशांपर्यंत उतरतं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचं जे काम तेच इथे. फक्त रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं, आणि ते भरून काढताना आरओचं पाणी घालायचं. साधं पाणी घालत राहिलात तर क्षार मागे राहून पाणी दिवसेंदिवस जड होतं. उजेड मी उन्हाळ्यात रात्री देते, आठ ते एक. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि वॉटर स्प्राइट जून उजाडेपर्यंत टिकतात.

वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ठेवाच. फिल्टर चार-पाच तास बंद राहिला की आतल्या जिवाणूंचा जीव गुदमरायला लागतो.

मांजराकाठ

आमच्याकडे लातूरला बोअरचं पाणी, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो असं. यात रोटाला वगैरे होईल का?

पाणकणीस

लाल रोटाला कठीण जाईल. पण व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम ही झाडं जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. त्यांच्यासाठी तुमचं पाणी उत्तम आहे. क्रिप्टोकोरीन वेंडटीही निभावून नेतं. गप्पी आणि मॉली जड पाण्यातच खूश असतात. आणखी झाडं हवी असतील तर निम्मं आरओ मिसळा, पण दर वेळी तेच प्रमाण ठेवा.

एक सावधगिरी सांगते. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. एका एप्रिलमध्ये मी न तपासता टँकरचं पाणी घातलं. आमचं नळाचं पाणी मऊ, हे एकदम जड आणि पीएच ८ च्या वर. अमोनिया थोडासाच असला तरी पीएच ७ च्या मानाने ८ ला त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्या रात्री सहा रासबोरा मासे गेले. तेव्हापासून टँकरच्या दिवसांत मी पाणी बदलत नाही किंवा आधीच पिंपात साठवून ठेवते.

कातळसडा

सिंधुदुर्गातून. या धाग्यावर आमच्या लाल मातीचं कौतुक वाचून आनंद झाला. एक विनंती करायची आहे.

तुम्ही सगळे जे क्रिप्टोकोरीन विकत घेता त्याचे भाऊबंद सह्याद्रीत रानात आहेत. क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस आमच्या ओढ्यांत खडकांच्या फटीत मुळं रोवून असतं. पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली, लांब नागमोडी पानं प्रवाहाबरोबर हलत असतात. पाणी उतरलं की उघडं पडतं आणि मग त्याला पीळदार फूल येतं. कासच्या पठारावरचा वायतुरा, ॲपोनोजेटॉन सॅटारेन्सिस, हाही त्याच जगातला. उथळ डबक्यात कंद, वर दोन फाट्यांचा तुरा. तो सह्याद्रीतल्या सड्यांवरच, म्हणजे कातळाच्या पठारांवरच उगवतो, दुसरीकडे कुठे मिळत नाही. हल्ली ट्रेकला आलेली मुलं टँकसाठी कंद उपटून नेताना मी पाहिली आहेत. ते टँकमध्ये जगत नाहीत, त्याला सुप्तावस्था लागते, कोरडा उन्हाळा लागतो. तेव्हा झाडं नर्सरीतून घ्या, एकमेकांची कटिंग घ्या. आणि टँकमधलं काही ओढ्यात टाकू नका. जलपर्णीही शोभेची म्हणूनच आली होती.

ज्यांना कोकणातली माती हवी आहे त्यांनी बागेतली, फवारणी न झालेली घ्या. आंब्याच्या कलमाखालची नको, तिथे औषधं पडलेली असतात.

पाणकणीस

कातळसडा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मूळ लेखातच हे यायला हवं होतं.

नवशिका_ठाणे

गणपतीत आठ दिवस गावी जायचं असतं. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जाऊ का? आणि झाडांबरोबर गोगलगाई आल्यात, त्यांचं काय?

संत्रानगरी

किल्ली द्या, पण खाद्य देऊ नका. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात, झाडांच्या टँकमध्ये त्यांना चरायलाही मिळतं. आमच्या शेजारच्या काकूंनी मायेपोटी रोज मूठभर खाद्य टाकलं होतं. परत आलो तर पाण्याला वास आणि वर साय. आता मी निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदलते, टायमर पाच तासांवर आणते आणि काकूंना फक्त वीज आहे का एवढंच बघायला सांगते.

गोगलगाई कुजकी पानं खातात, थोड्या असू द्या. खूप झाल्या तर तुम्ही खाद्य जास्त घालताय. नवी झाडं आणली की तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून, स्वच्छ धुऊन मग लावा.

रानवाट

ताई, तीन आठवड्यांनी परत आलोय. यीस्टची बाटली काढून टाकली, उजेड सहा तास. पेरॉक्साइड दोनदा दिलं, दाढी खरंच गुलाबी झाली आणि मग पांढरी पडून गळाली. जुन्या पानांवर डाग राहिलेत ती कापली. द्राक्षबागदादांच्या मापानं खत घालतोय, तालुक्याच्या दुकानात १३:०:४५ सुटं मिळालं. काल संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास वॉटर स्प्राइटच्या पानांखाली मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसले. एकेक सुटून वर जात होता. मी दिवे घालवून अर्धा तास बघत बसलो. अनुबियसला दोन नवी पानं आहेत, कडा स्वच्छ. आता कोळंबी सोडू का?

पाणकणीस

ते बुडबुडे प्राणवायूचे, पाणी त्यानं भरून गेलं की पानावर दिसायला लागतात. खूप छान! कोळंबीला अजून दोन आठवडे थांब. पेरॉक्साइडनंतर अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन रविवारी शून्य येऊ दे. मग दहाच आण. पिशवी टँकमध्ये तरंगत ठेव आणि दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत घाल, तासभर तरी. आणि मगला लाल दोरा बांध.

द्राक्षबाग

दोरा बांधाच. अनुबियसचा फोटो टाका, पोरीला दाखवतो.